अवघड जागेचं दुखणं: नवी सीट घेण्याआधी जुनी हलवून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५२, उंची ५ फूट ७ इंच, राहायला कोथरूड. सहा महिन्यांपूर्वी हायब्रिड सायकल घेतली. आठवड्यातून चार सकाळी वारजे, शिवणे, उत्तमनगर करत खडकवासल्यापर्यंत जाऊन परत. अर्ध्या तासात खाली मुंग्या येतात, मग बधिर होतं. उतरून थोडं चाललं की जातं. शिवाय गुडघ्याच्या वाटीखाली, पुढच्या बाजूला दुखतं. जेलचं कव्हर लावलं तर बधिरपणा उलट वाढला. दुकानदार म्हणतो स्प्रिंगची रुंद सीट लावा, ग्रुपमधले म्हणतात मधे खाच असलेली भारीतली घ्या. बायकोनेही सायकल घेतली आहे, तिला सीट पुढून टोचते. दोघांसाठी कोणत्या सीट घ्याव्यात?

आज कोणतीच घेऊ नका. कव्हर मात्र आजच काढा.

तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण मूळ बहुतेक एकच आहे. वाटीखाली, पुढून दुखणारा गुडघा हा सीट खाली असल्याचा नेहमीचा पुरावा. सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा नको तितका दुमडतो आणि त्या दुमडलेल्या अवस्थेतच जोर लावावा लागतो. आता बधिरपणाचं बघू. सायकलवर तुमचं वजन तीन ठिकाणी वाटलं जातं: पाय, बैठक आणि हात. पायांनी नीट जोर लावला की प्रत्येक फेरीत बैठकीवरचा भार थोडा हलका होतो. खाली ठेवलेल्या सीटवर पाय अर्धवट काम करतात, सगळा बोजा बुडावर येतो, आणि वाकून हँडल धरताना तो हाडांवरून पुढे, नाजूक भागावर सरकतो. त्यात सीटचं नाक, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, वर असेल (नव्या सायकलींत हे सर्रास दिसतं) तर मग विचारूच नका.

आपल्याकडे सीट खाली का असते, त्याचं कारण सिग्नलवर उभं राहिलं की कळतं. नळस्टॉपला थांबल्यावर दोन्ही टाचा जमिनीला लागल्या पाहिजेत, अशी प्रत्येकाची इच्छा असते. दुकानातही तुम्हाला सायकलवर बसवून ‘पाय टेकतात ना?’ एवढंच विचारतात. स्कूटरची सवय सायकलला लावलेली आहे, दुसरं काही नाही. बरोबर उंचीच्या सीटवर बसून फार तर एका पायाचा चवडा टेकतो. थांबायचं असेल तेव्हा सीटवरून पुढे उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं, आणि निघताना एक पेडल वर घेऊन त्यावर उभं राहत सीटवर बसायचं. गर्दीत पहिल्यांदा करू नका. पहाटे सोसायटीच्या आवारात किंवा विद्यापीठाच्या आतल्या रस्त्यावर सराव करा, दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडतं. ही एक गोष्ट जमली नाही तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही, कारण पहिल्याच सिग्नलनंतर तुम्ही सीट परत खाली कराल.

आता उंची. सायकलचे नेहमीचे बूट घाला. दाराच्या चौकटीत सायकल उभी करा आणि एका हाताने चौकट धरून सीटवर बसा. पेडलवर चवडा ठेवू नका, टाच ठेवा. उलटं पेडल मारत क्रँक (पेडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा) सगळ्यात खाली आणा. तिथे पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. कंबर त्या बाजूला कलली तर सीट उंच आहे, गुडघा वाकलेला राहिला तर खाली आहे. नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवलात की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. फिटिंग करणारे हा बाक कोनात मोजतात आणि तो साधारण २५ ते ३५ अंशांत असावा असं धरतात. नव्याने चालवणाऱ्याने ३०-३५ च्या बाजूला राहावं. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढून थांबवून बघितलं तरी पुरेसा अंदाज येतो.

आकड्यांत बोलायचं तर पायांची आतली लांबी मोजा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक दोन पायांच्या मधे धरून सीटवर बसल्यासारखं दाब येईल इतकं वर घ्या आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. तुमच्या उंचीला ते ७८ सेंटिमीटरच्या आसपास असेल. १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीनदा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र म्हणतं, याला ०.८८३ ने गुणा: ६८.९ सेंटिमीटर. हे अंतर बॉटम ब्रॅकेटच्या (दोन्ही क्रँक फ्रेममध्ये जिथे फिरतात त्या सांध्याच्या) मध्यापासून सीटच्या नळीला धरून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत मोजायचं. १९६७ पासून वापरात असलेलं दुसरं सूत्र म्हणतं, १.०९ ने गुणा, पण मोजा खाली गेलेल्या पेडलच्या दांडीपासून. म्हणजे ८५ सेंटिमीटर. त्यातून १७ सेंटिमीटरची क्रँक वजा केली की उरतात ६८. एकाच माणसाला दोन सूत्रं जवळजवळ नऊ मिलिमीटरच्या फरकाने उत्तर देतात. तुमची क्रँक १७५ मिलिमीटरची असेल (आकडा क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो) तर दुसरं उत्तर आणखी पाच मिलिमीटरने खाली येतं. म्हणून सूत्राने फक्त सुरुवात करायची. तुम्ही खालच्या आकड्यावर सीट लावा आणि तिथून वर जा.

वर जायचं ते तीन ते पाच मिलिमीटरच्या टप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन राइड करून. सहा महिने तुमचे स्नायू खालच्या सीटला सरावलेत. एकदम तीन सेंटिमीटर उचललीत तर गुडघ्याचं पुढचं दुखणं थांबेल आणि मागची शीर धरेल. सीट कुठे उंच होते ते तुम्हाला स्वतःला कळायला वेळ लागतो, मागच्याला लगेच कळतं. वहिनींना मागून यायला सांगा आणि तुमच्या शॉर्ट्सच्या कमरेची पट्टी बघायला सांगा. पट्टी आडवी स्थिर असेल तर ठीक. डावी-उजवी झुलायला लागली तर तुम्ही पेडल गाठायला कंबर ढकलताय, सीट अर्धा सेंटिमीटर खाली घ्या. गुडघ्याच्या मागे ओढ लागणं, पेडल खाली जाताना पायाची बोटं टोकदार होणं, एका बाजूच्या मांडीच्या मुळाशी कातडी घासणं, हीसुद्धा उंच सीटचीच लक्षणं.

उंची बसली की पुढे-मागे. सीटच्या खाली दोन दांड्या असतात, त्यांना रेल म्हणतात. क्लँप सैल केला की त्यावर सीट सरकते. यासाठी गवंड्याचा ओळंबा लागतो, नसेल तर दोऱ्याला एखादा नट बांधा. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर करा आणि पुढच्या पायाच्या वाटीखाली नडगीचं जे टेंगूळ हाताला लागतं, तिथून दोरा सोडा. तो पेडलच्या दांडीवरून किंवा तिच्या किंचित मागून गेला तर सुरुवात बरी झाली. यात विज्ञान फारसं नाही. आडवं झोपून चालवायच्या सायकलींत हा दोरा कुठेही पडतो आणि त्यांचे गुडघे काही निकामी होत नाहीत. पण सीट उगाचच टोकाला लावलेली असेल तर एवढ्याने ती मधे येते.

खरी परीक्षा हातांची. सपाट रस्त्यावर मध्यम जोराने चालवताना कोपरं किंचित वाकवून हातांची पकड अगदी हलकी करा. धड आहे तिथे राहिलं पाहिजे. पुढे कोसळल्यासारखं झालं, तळहातांवर सतत दाब असला, तर सीट बहुधा फार पुढे आहे किंवा हँडल फार खाली. अशा वेळी सीट आणखी पुढे घ्यायचा मोह होतो, कारण हँडल जवळ आल्यासारखं वाटतं. ते करू नका. सीट पायांच्या हिशोबाने लावायची. हँडल लांब वाटत असेल तर स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) छोटा किंवा वर उचललेला घ्यायचा. स्टेम ही स्वस्तातली वस्तू आहे आणि बदलायला फारसा वेळ लागत नाही. सीट पुढे ओढून हँडलचा प्रश्न सोडवलेल्या सायकली फिटिंगला येतात तेव्हा मालकाची तक्रार मनगटाची असते, आणि दोष मात्र सीटच्या गादीला दिलेला असतो.

सीट मागे सरकवली की पेडलपासूनचं अंतरही वाढतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नेहमीच्या फ्रेमच्या कोनाला एक सेंटिमीटर मागे म्हणजे साधारण तीन मिलिमीटर उंच. तेवढी सीट खाली करून भरपाई करा. पुढे घेतलीत तर उलट.

तिसरी गोष्ट कल, आणि तुमच्या मुंग्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची हीच. सीटवर ते जाड पुस्तक ठेवा आणि त्यावर पाणसळ. मोबाइलमधली चालेल, पण आधी ती जमिनीवर ठेवून बघा. आपल्या बाल्कनीला, गच्चीला आणि पार्किंगला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. तिथे सायकल उभी करून सीट सरळ केलीत तर ती वाकडीच होणार. हॉलमधे करा. मागची कड वर उचललेली सीट असेल तर पुस्तक पुढच्या दोन तृतीयांश भागावर टेकू द्या. आधी अगदी सपाट लावा, दोन राइड करा, मग नाक अंशभर खाली. बहुतेकांना शून्य ते दोन-तीन अंश खाली यांतच कुठेतरी सुटल्यासारखं वाटतं. त्याहून जास्त उतार दिला की माणूस घसरत पुढे येतो, हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो, आणि बसतो शेवटी त्या अरुंद नाकावरच. म्हणजे ज्यापासून पळालो तिथेच.

तुम्ही आज ना उद्या सिंहगड चढणार, म्हणून हेही सांगून ठेवतो. आठ टक्क्यांच्या चढावर सायकल साधारण साडेचार अंशांनी मागे कलते, म्हणजे घरी सपाट लावलेली सीट गोळेवाडीच्या वर गेल्यावर नाक वर करून बसते. सपाटीवर काहीच त्रास नसणाऱ्यांना घाटात मुंग्या का येतात, याचं एक कारण हे. घाट जास्त करणाऱ्यांनी नाक दोन अंश खाली ठेवायला हरकत नाही. शर्यतीचे नियम करणाऱ्या जागतिक संघटनेनेही आधीची कडक मर्यादा सैल करून नऊ अंशांपर्यंत कल चालवून घेतला. पण नऊ अंश हे वेळेविरुद्धच्या शर्यतीत पार ओणवं होऊन चालवणाऱ्यांसाठी. आपण त्या वाटेला जायचं कारण नाही.

पाने-बोल्टचं थोडं. हायब्रिडच्या सीटला सहसा पाच किंवा सहा मिलिमीटरची ॲलन की लागते. जुन्या पद्धतीच्या सायकलीला दोन्ही बाजूंना नट असलेली सीट क्लिप असते, तिथे पाना. क्लिपला दाते असतात आणि कल एकेका दात्याने उडी मारत बदलतो. अंशभर खाली करायला गेलं की चार अंश जातो. तसं असेल तर दोन बोल्टचा सीटपोस्ट (सीटखालची, फ्रेममध्ये जाणारी नळी) घ्या. एक बोल्ट सैल, दुसरा घट्ट, असं करत हवा तिथे थांबवता येतो. पोस्टचा व्यास मात्र जुन्या पोस्टवर छापलेला वाचून घ्या: २७.२, ३०.९, ३१.६ असे मिलिमीटरमधले आकडे असतात. ‘३१.६ नाही, ३०.९ आहे, बसवून देतो’ म्हणणाऱ्या दुकानातून शांतपणे बाहेर पडा. पोस्टवर कमीत कमी किती आत असावा याची रेघ असते. ती बाहेर दिसू लागली तर लांब पोस्ट लागेल, तसंच चालवू नका, फ्रेम तडकते. बोल्ट आवळायची मर्यादा त्या भागावरच न्यूटन-मीटरमध्ये छापलेली असते.

मनासारखं जमलं की पोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे काळ्या इन्शुलेशन टेपचा एक वेढा द्या. क्विक रिलीज (पान्याशिवाय हाताने उघडणारी खिट्टी) असलेली सीट पार्किंगमध्ये उभी असेल तर सोसायटीतला एखादा बाळू ती खाली करून चक्कर मारून येतोच, आणि तुम्ही आठवडाभर गुडघा का दुखतोय याचा विचार करत बसता. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पोस्ट पूर्ण बाहेर काढा, पुसा, ग्रीसचा हलका हात लावून परत घाला. मडगार्ड नसेल तर मागच्या चाकाचं पाणी थेट तिथे उडतं. ॲल्युमिनियमचा पोस्ट लोखंडी फ्रेममध्ये जाम झाला की मग हातोड्यापर्यंत पाळी जाते. कार्बनच्या पोस्टला मात्र ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते.

आणखी एक काम सीटशी संबंधित वाटत नाही, पण आहे. टायरमधली हवा. हायब्रिडचे ३५ मिलिमीटरचे टायर पंपावर नेऊन ‘टाइट भर’ सांगितलं की तो कडेला छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरून देतो. सत्तर किलोच्या माणसाला पन्नास-साठ पीएसआय पुरते. शिवण्याकडच्या रस्त्याच्या प्रत्येक ठिगळाचा हिशोब तुमच्या बैठकीला द्यावा लागतोय, त्यातला बराचसा टायर स्वतः गिळेल. आणि गतिरोधकावर बसून राहू नका. क्रँक आडव्या करा, बूड दोन बोटं उचला, जाऊ द्या. पुण्यात गतिरोधकांची टंचाई नाही, त्यामुळे बैठकीला विश्रांतीही आपोआप मिळत राहते. लांब सपाट तुकडा असेल तिथे दर दहा-पंधरा मिनिटांनी दहा-बारा पेडल उभं राहून मारा.

हे सगळं करून दोन-तीन आठवडे द्या. माझ्या अनुभवात तुमच्यासारख्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त इथेच संपतात आणि नवी सीट विकायची राहून जाते. नाही संपली, तर मग सीट बदलायची वेळ आली असं समजा, आणि तेव्हा पहिला प्रश्न रुंदीचा.

आपण बसतो ते मांड्यांवर नाही, ओटीपोटाच्या हाडाच्या खाली आलेल्या दोन टोकांवर. त्यांच्यातलं अंतर माणसागणिक वेगळं, उंची-वजनाशी त्याचा फारसा संबंध नाही. जाडजूड माणसाची हाडं जवळ असू शकतात आणि काटकुळ्याची लांब. घरी आलेल्या पार्सलचा पन्हाळीदार खोका असतो ना, त्याचा सपाट तुकडा कापा, जिन्याच्या पायरीवर ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, टाचा थोड्या उचला आणि हँडल धरल्यासारखे पुढे वाका. उठल्यावर तिरप्या उजेडात दोन खळगे दिसतील. नीट नाही दिसले तर पेन्सिल आडवी धरून घासा, उमटतील. दोघांच्या मध्यापासून मध्यापर्यंत माप घ्या. साधारण १०० ते १५० मिलिमीटरच्या मधे काहीतरी येईल. हायब्रिडवरच्या अर्धवट वाकलेल्या बैठकीला त्यात २० ते ३० मिळवा. समजा खळगे ११८ वर आले, तर १४०-१४५ ची सीट शोधायची. मिळवायचं यासाठी, की सीटच्या कडा खाली वळलेल्या असतात आणि छापलेली रुंदी सगळी बसण्याच्या कामाची नसते. अरुंद सीटवर हाडं कडेवरून घसरतात आणि वजन मधल्या भागावर येतं. फार रुंद सीट मांड्यांना घासते, ते टाळायला माणूस पुढे सरकतो आणि नाकावर बसतो. दोन्हीकडून शेवट तोच.

मऊपणाचा नंबर यानंतर, आणि तिथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. दुकानात अंगठ्याने दाबून सीट निवडतात. ओल्या मातीत प्लास्टिकची खुर्ची ठेवून बसलात तर पाय रुततात आणि खुर्चीची बैठक मातीला टेकते. जेलमध्ये तेच होतं: हाडं रुतून खाली जातात आणि मधला मऊ थर वर येऊन त्यांच्या मधल्या नाजूक भागाला दाबतो. तिथूनच नस जाते, रक्तवाहिन्या जातात. तुमचा बधिरपणा कव्हर लावल्यावर वाढला तो यामुळे. दहा मिनिटांच्या चकरेला मऊ सीट छान वाटते, आणि दुकानातली चाचणी तर दोन मिनिटांचीच असते. कडक, पण हाडांखाली बरोबर येणारी सीट पहिले सात-आठ दिवस हाडांना दुखवते आणि मग विसरायला होते. हाडांचं दुखणं सवयीने जातं. मुंग्या आणि बधिरपणा मात्र सवयीने घालवायची गोष्ट नाही.

दुकानदाराची स्प्रिंगची सीट अगदीच चूक नाही, तुमच्या सायकलला चूक आहे. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात एक चक्कर मारा आणि जुन्या सायकलींवर सीटच्या तुलनेत हँडल कुठे आहे ते बघा. ताठ बसून चालवायची असेल तर सगळं वजन मागे, हाडांवर पडतं, पाठ धक्का गिळत नाही, आणि तिथे रुंद बूड, खाली स्प्रिंग हे अगदी बरोबर. मंडईतून भाजी आणायला ती उत्तम. हायब्रिडवर पुढे वाकलात की तिचे पंख मांड्यांच्या आड येतात.

मधे खाच किंवा आरपार भोक असलेल्या सीटने पुष्कळांना फरक पडतो, तुम्हालाही पडू शकेल. पण काहींना त्या भोकाची कडच बोचते, विशेषतः रुंदी चुकली असेल तर, त्यामुळे डोळे झाकून घेऊ नका. ग्रुपमधल्याची तीच सीट आठवडाभर मागून आणा, सीट बदलायला पाच मिनिटं लागतात. फक्त दोन सीटची जाडी वेगळी असते, म्हणून नवी लावल्यावर बॉटम ब्रॅकेटपासूनचं माप पुन्हा जुळवा. नाहीतर सीट बदलली की उंची बदलली, हे कळायचंच नाही. ‘भारीतली’ या शब्दाला फार भुलू नका. एका मर्यादेनंतर किंमत वाढते ती वजन कमी झालं म्हणून, कार्बनच्या रेलमुळे. तुमच्या बैठकीला रेल कशाची आहे ते कळत नाही.

चामड्याच्या सीटबद्दल कोणीतरी सांगेलच. बर्मिंगहॅमला १८६६ मध्ये सुरू झालेल्या ब्रुक्सची बी-सतरा ही शंभर वर्षांहून जुनी रचना अजून विकली जाते, आणि लांब पल्ल्याच्या लोकांत तिचे भक्त आहेत. ताणलेलं चामडं काही शे किलोमीटरनंतर तुमच्या हाडांच्या जागी दबतं. पण ते भिजवून चालवलं की लोंबतं. जून ते सप्टेंबर, मडगार्डशिवाय, पिशवी न घालता, पुण्यात तिचा संसार टिकत नाही. वर्षातून दोनदा मेण लावायचा, उन्हात उभी करायची नाही, अशी हौस असेल तरच तिच्या वाटेला जा.

नाकच नसलेल्या सीटही असतात. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना अशा सीट देऊन पाहिल्या, तेव्हा दाब कमी झाला आणि संवेदना सुधारल्या. विचित्र दिसतात आणि वळणावर मांडीने सायकल सांभाळायची सवय मोडावी लागते, पण बाकी सगळं करूनही बधिरपणा हटत नसेल तर लाजू नका.

शॉर्ट्स: गादी असलेली सायकलिंग शॉर्ट्स घ्या आणि तिच्या आत काही घालू नका. अंतर्वस्त्राची शिवण नेमकी जिथे नको तिथे येते. उन्हाळ्यात घामाने कातडी सोलते, त्यावर निघण्याआधी पेट्रोलियम जेलीचा हात पुरतो. रोज धुवा. शॉर्ट्स आणि जेल कव्हर दोन्ही एकदम वापरू नका.

आता वहिनींची सायकल. पुढून टोचणं ही बायकांची सगळ्यात जास्त येणारी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी तक्रार आहे. मेकॅनिकला सांगायचा संकोच वाटतो, मग सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला लागते. त्यांच्या बाबतीत मी आधी हँडल बघेन. बऱ्याच हायब्रिडची फ्रेम त्यांच्या धडाच्या मानाने लांब पडते, हँडल गाठायला ओणवं व्हावं लागतं, कंबरेचं हाड पुढे फिरतं आणि नाजूक भाग सीटच्या नाकावर दाबला जातो. स्टेम छोटा आणि वर उचललेला लावा, नाक एक-दोन अंश खाली करा. टाचेचा आणि ओळंब्याचा प्रयोग त्यांच्यासाठीही तसाच करायचा. बायकांची हाडं सरासरीने जास्त रुंद असतात, त्यामुळे पुठ्ठ्यावर १३० च्या पुढे माप आलं तर नवल नाही. तेव्हा १५५ च्या आसपासची सीट बघा, आणि पुढची खाच रुंद, लांब असलेली. ‘लेडीज सीट’ म्हणून गुबगुबीत, नक्षीदार काहीतरी हातात ठेवतील, ते परत द्या. छोट्या नाकाच्या सीट अलीकडे सहज मिळतात, वाकून बसताना त्यांचा फायदा होतो. पुरुषांसाठी म्हणून विकली जाणारी सीट त्यांना नेमकी बसली तर तीच ठेवा; हाडाला लेबल वाचता येत नाही.

ग्रुपमधले लवकरच तुम्हाला २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) ओढतील. तिला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे दिवसभर बैठक. आधीच्या आठवड्यात सीट, तिची उंची, शॉर्ट्स यातलं काहीही नवं करू नका. नवी सीट लावून निदान साठ-सत्तर किलोमीटरच्या दोन राइड झालेल्या असू द्यात.

बधिरपणा उतरल्यावर लगेच जातो म्हणालात, तोवर हे घरचं काम आहे. काही तास टिकायला लागला, लघवीला त्रास झाला किंवा लघवीत रक्त दिसलं, तर सायकल उभी करा आणि युरॉलॉजिस्टला दाखवा. गुडघा सीट वर घेऊनही तीन-चार आठवड्यांत शांत झाला नाही, किंवा जिना उतरतानाही दुखू लागला, तर ऑर्थोपेडिककडे जा. आणि जाताना सीट किती मिलिमीटर वर घेतलीत ते टेपच्या खुणेवरून मोजून लिहून न्या, त्यांना उपयोग होईल.